पिशवी नसलेल्या बाया

दुष्काळानं आमच्या दूध संस्थेचं एकच भलं केलं. दूधच नाही म्हटल्यावर संकलनाची खोली रिकामी झाली आणि पाण्याच्या टँकरची वाट बघत आम्ही तिथं गोष्टी वाचायला लागलो. बाहेर हंड्यांची रांग, आत सात-आठ माणसं. ही टूम माझीच. मी चंद्रभागा, संस्थेची संचालक, शिक्षण सातवी आणि तोंडानं फटकळ. हे शिरूरला कुणीही सांगेल.

त्या दिवशी शाळेतल्या बिभीषण सरांनी स्वतः लिहिलेली विज्ञानकथा वाचली. दूरचा ग्रह, तिथं खाणी. यानाचा कप्तान गोरापान. ग्रहावरची माणसं काळी, अंगानं दांडगी, डोक्यानं मंद. यानात एकच बाई, तीही शास्त्रज्ञ; पण कथाभर ती कप्तानाला कॉफी देते आणि शेवटी रडते.

मी सोडते होय!

"सर, तुमी सोता तव्याच्या बुडावानी काळे, अन् अक्कल सगळी गोऱ्याला कशापायी दिली?"

खोली हसली. सर ओशाळले. "अशा गोष्टीत तसंच असतंय, चंद्रभागाबाई."

"अन् ती बाई? एवढं शिकून आभाळात गेली, ते कॉफी उकळाया?"

संस्थेचे सचिव रामकिसन म्हणाले, "मला येकच पटलं न्हाई. खाणीत खाडा पडू नये म्हणून कप्तान त्या काळ्या बायांची गर्भाची पिशवीच काढून टाकतो? लई मोठी थाप झाली, सर."

"थापच!" मी म्हणाले. "बाई म्हंजे काय यंत्र हाय? असं कुणी करतंय का? खोडा ते."

सरांनी पेन काढलं. मला फार बरं वाटत होतं.

"खोडू नका, सर."

दारात माझी धाकटी जाऊ सत्यभामा बसली होती. ऊसतोडीहून येऊन तिला आठच दिवस झाले होते. आजवर ती आमच्यात कधी बोलली नव्हती.

"सगळ्या गोष्टीत तेवढंच खरं हाय. माजी काढली, तवा मी चोवीस वर्साची व्हते. येक पोरगी झालती. अजून येक लेकरू पायजे व्हतं मला."

ती माझ्याकडं बघत नव्हती, बाहेरच्या हंड्यांकडं बघत होती.

मला सगळं आठवलं. ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता. बाई दुखण्यानं बसली की कोयता अर्धा, मजुरीही अर्धी. तिचं पोट सारखं दुखायचं, दीर कावलेला असायचा. दवाखान्यात मीच नेलं तिला. ती दारात अडली, माझा पदर धरून म्हणाली, "आक्का, नगं." आणि मी म्हणाले होते, "काढून टाक, कटकट मिटंल." परत येताना तिला उसाचा रस पाजला आणि मनात म्हटलं, आपण किती करतो हिचं.

मला लाज वाटली, रडूही आलं.

सरांनी हळूच विचारलं, "मग ठेवू ना तसंच?"

आताही सत्यभामेनं माझं नाव घेतलं नाही.

"बाया ठेवा, सर," मी म्हणाले. "कप्तान खोडा. तिथं थोरली जाऊ लिवा."