ढगात अडकलेला फोटो

मुलांनो, कल्पना करा बरं. राजूरचा बाजार भरलाय. तुम्ही भेळ खायला निघालात आणि बघता तर काय, भेळेच्या गाडीवर चिटपाखरू नाही! सगळी गर्दी एका टेम्पोभोवती. टेम्पोत भगवी शाल पांघरलेले ढगेश्वरबाबा आणि त्यांच्यापुढे ओळीनं मांडलेले मोबाईल. प्रत्येकाला हळदकुंकू. एकाच्या तर चार्जिंगच्या भोकात अक्षता जाऊन बसलेल्या.

"आमचं गोरक्षा यंत्र वर ढगात आहे!" बाबा गरजत होते. "तुमची पोरं क्लाउड म्हणतात ना? तोच हा ढग! ज्याचं घर निर्मळ, त्याच्या मोबाईलवर यंत्र उतरतं. ज्याच्या घरात वाईट नजरेचं माणूस, त्याचा फोटो अडकतो!"

यंत्र म्हणजे मंतरलेल्या आकृतीचा एक फोटो. तो बाबांनी 'गोठा मंच' नावाच्या संकेतस्थळावर टाकला होता. गाईगुरं पाळणारे लोक तिथं एकमेकांना अडचणी विचारत, जनावरांचे फोटो टाकत. बाबांनी यंत्राची लिंक गावोगावच्या व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवली. लोक लिंक दाबत, फोटो उतरवून घेत आणि मोबाईल म्हणे, 'ही फाईल उघडता येत नाही.' मग बाबा तो मोबाईल शालीखाली घेत, काहीतरी पुटपुटत आणि बाहेर काढत तेव्हा यंत्र लख्ख उघडलेलं! दक्षिणा म्हणून एक गावरान कोंबडी. टेम्पोच्या मागच्या भागात नुसता कलकलाट चालला होता.

सहावीतली पूजा आजीचा पदर धरून अगदी पुढे उभी होती. घरच्या गाईचं दूध आटलं होतं, त्यात यंत्रही अडकलेलं. आजीनं, म्हणजे छबूबाईनं, मोबाईल पुढे केला. बाबांनी तो शालीखाली घेतला आणि डोळे मिटले.

"घरात नवीन कोण आलंय?"

"धाकली सून, मोनिका."

"तीच! तिला माहेरी धाडा. ती घरात असेस्तोवर यंत्र लागू पडायचं नाही."

मोनिकाकाकू मागेच उभी होती. तिच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. "उद्याच सोडून येते हिला," आजी म्हणाली. काकू तर पूजाची मैत्रीणच होती की!

सकाळपासून पूजानं आणि काकूनं काय काय करून पाहिलं होतं! मोबाईलमधली जागा मोकळी केली, तो बंद करून चालू केला. बाजारतळावर रेंजही भरपूर होती. तरी फोटो उघडेना. एक गोष्ट मात्र पूजाच्या नजरेत आली होती. एरवीचे फोटो चांगले मोठे असतात. ही उतरलेली फाईल एवढीशी होती, की तिच्यात गाईचं शिंगसुद्धा मावलं नसतं.

आता मोबाईल शालीखालून परत आला, यंत्र उघडलेलं. पूजानं तो हातात घेतला आणि ती चमकली. सकाळी मंचाच्या पानावर वरच्या कोपऱ्यात लिहिलं होतं, 'तुम्ही पाहुणे आहात.' आता तिथं होतं, 'नमस्कार, ढगेश्वर.'

तिनं गुपचूप बाबांचं नाव काढून टाकलं. मग मंचावरचा राहाता गावच्या एका म्हशीचा फोटो उतरवला. तोही उघडेना!

"बाबा," ती मोठ्यानं म्हणाली, "या म्हशीला बी काकूचीच नजर लागली का? काकू तर राहात्याला कधी गेलीच न्हाई!"

लोक खो खो हसले.

"पोरी, देवाशी खेळू नको!"

"देवाशी न्हाई, मोबाईलशी खेळतीय. काकू, हितं तुझं नाव लिही. पासवर्ड तूच टाक, मला बी दाखवू नको."

काकूनं नाव नोंदवलं. 'नमस्कार, मोनिका.' तिनं पुन्हा फोटो उतरवले. आधी राहात्याची म्हैस उघडली, मग यंत्र! तेही काकूच्याच हातात.

"ही गं कशी जादू?" आजीनं विचारलं.

"आज्जे, सभासद नसला तर डेअरीत दूध घेत्यात का?"

"न्हाई. आदी नाव घाल म्हनत्यात."

"हितं बी तसंच. नाव नसलं की मंच फोटो देतच न्हाई. 'आधी नाव नोंदवा' असं लिहिलेलं एवढंसं पान धाडतो. मोबाईल त्या पानालाच फोटोचं नाव देऊन ठेवतो. दुधाच्या कॅनमधी कुनी चिठ्ठी घातली आन् तू ती तापवत बसलीस, तर साय येईल का? बाबा शालीखाली आपलंच नाव घालत्यात, बस!"

आजीनं सुनेचा हात धरला. "चुकलं बाई माजं. चल घरी. गाईला डाक्टर बोलवू."

तेवढ्यात टेम्पो सुरू झाला. "ओ ढगोबा, कोंबड्या उतरवा आदी!" कुणीतरी ओरडलं आणि चार जण टेम्पोला आडवे झाले.

मुलांनो, मोबाईल अडला, दूध आटलं, तर कारण शोधा. एकेक गोष्ट तपासा, दुसरीशी ताडून पाहा. कारण सापडायला वेळ लागेल, लागू द्या. पण तोवर घरातल्या माणसाला दोषी ठरवू नका.

आपल्या पूजाला मात्र एवढ्यावर घरी जावंसं वाटेना. ती भेळेच्या गाडीजवळच्या बाकावर चढली आणि तिनं विचारलं, "आनखी कुनाकुनाच्या घरात दोष निघालाय?"

मग चांगुणा नावाची एक बाई खालमानेनं पुढे आली. बाबांचं ऐकून तिनं आपल्या म्हाताऱ्या सासूला गोठ्यात झोपायला लावलं होतं.

पूजा बाकावरून उतरली, तिनं चांगुणाला जवळ बसवून घेतलं आणि ती म्हणाली, "मावशी, मोबाईल द्या. आदी सासूबाईंचं नाव सांगा. त्यांच्याच नावानं यंत्र उघडू."