पांढऱ्या दगडांची ओळ

मित्रांनो, मी एक जुनी धावपट्टी आहे, पण तुम्ही दोह्याला उतरताना खिडकीतून पाहता तसली नव्हे. माझ्यावर डांबर नाही, दिवे नाहीत, सामान फिरवणारा पट्टा नाही. कतारच्या वाळवंटात, शहरापासून लांब, राखीव झाडीच्या कडेला पडलेली मी एक साधी मातीची पट्टी आहे. खरे सांगायचे तर आता मला बोलायचाही कंटाळा येतो. पण मागच्या हिवाळ्यात जे घडले ते कुणाला तरी सांगायला हवे, म्हणून बोलते.

माझा जन्म कामापुरता झाला. जमिनीची पाहणी करणाऱ्या एका कंपनीला छोटी विमाने उतरवायला जागा हवी होती. त्यांनी खडी बाजूला सारली, टँकरमागून टँकर पाणी ओतले आणि रोलर फिरवून फिरवून मला असे दाबले की माझी हाडे अजून ठणकतात. काम संपले, तंबू उठले, माणसे निघून गेली. जाताना कुणी मागे वळूनही पाहिले नाही. पुढची कितीतरी वर्षे माझ्यावर उंट बसले. उंट एकदा बसला की उठता उठत नाही, आणि उठला तरी मागे काय ठेवून जातो ते मी चारचौघांत सांगत नाही.

माझी जमीन सरकारी, म्हणजे सगळ्यांची. ऐकायला किती छान वाटते! प्रत्यक्षात हिवाळा आला की जो तो गाडी घेऊन येतो, माझ्या पाठीवर गोल गोल चकरा मारतो आणि जाताना रिकाम्या बाटल्या मला भेट देऊन जातो. मी कुणाकुणाला म्हणून आवरू?

मग इलियास आला. हा लेबनॉनचा वैमानिक, हलकी दोन आसनी विमाने उडवायला शिकवतो. त्याने राखीव क्षेत्राच्या कार्यालयात खेटे घालून माझ्यावर उतरायची परवानगी मिळवली. माझे खड्डे बुजवले आणि वाऱ्याची दिशा कळावी म्हणून खांबाला एक कापडी पिशवी बांधली. इतक्या वर्षांनी कुणी माझ्याकडे मायेने पाहिले. तेव्हा मला फार बरे वाटले होते.

माझी खोडही त्यानेच ओळखली. माझे पश्चिमेकडचे टोक फसवे आहे. वर कडक पापुद्रा आणि खाली खारट चिखल. एकदा एक जीप तिथे पोटापर्यंत रुतली होती. विमानाचे चाक तिथे टेकले तर ते नाकावर उलटलेच म्हणून समजा. म्हणून घट्ट जमीन जिथे सुरू होते तिथे इलियासने पसरट दगडांची एक आडवी ओळ बसवली. दगड निम्मे मातीत पुरले आणि वरून पांढरे रंगवले. ओळ ओलांडून मगच उतरायचे, अलीकडे चाक टेकवायचे नाही. शिवाय उतरण्याआधी एकदा अगदी खालून उडत जाऊन मला नीट पाहायचे, हाही त्याचा नियम. उंट आहे का, गाडी आहे का, ओळ जागेवर आहे का? कशाचीही शंका आली तर सरळ माघारी.

कौशिक हा त्याचा विद्यार्थी. मूळचा नाशिकचा, दोह्याच्या वेस्ट बे भागातल्या एका कंपनीत इंजिनीअर. शहराजवळच्या पक्क्या पट्टीवर तो बरेच दिवस सराव करत होता, पण माझ्यावर स्वतःच्या हाताने कधी उतरला नव्हता. एकदा दोघे मला पायी तपासत होते तेव्हा तो इलियासला म्हणाला, "माझं कंत्राट संपलंय. पुढच्या रविवारी आम्ही सगळे परत चाललो. तिकडे मला कुठलं विमान मिळतंय? एकदा इथे उतरायचंय, आईच्या डोळ्यांसमोर." माझी माती म्हणजे काही मोठा मान नव्हे. तरी त्या दिवशी मी मनातल्या मनात पाठ ताठ केली.

ठरलेल्या शुक्रवारी कौशिक इलियासबरोबर विमानाने येणार होता; त्याच्या घरची माणसे गाडीने आधीच येऊन पोहोचली. आई कमलिनीबाई, वडील वसंतराव, बायको मधुरा आणि मुलगी उर्वी. आईवडील महिनाभरासाठी नाशिकहून आले होते. माझ्या पश्चिमेच्या टोकाशी एक झाड आहे. इथले लोक त्याला सिद्र म्हणतात. कमलिनीबाईंनी पान हातात घेतले आणि म्हणाल्या, "अगंबाई, हे तर आपलं बोर!" झाले, बैठक तिथेच ठरली. भाकऱ्या घरून आल्या होत्या. भरीत मात्र लेक विमानातून उतरला की गरम गरम वाढायचे, म्हणून वांगी, कोळसा आणि पातेले सोबत होते.

चुलीला दगड हवे होते. वसंतराव शोधत निघाले आणि माझ्या ओळीपाशी येऊन थांबले.

"अगं, हे बघ किती सपाट दगड," ते म्हणाले. "पण कुणीतरी मुद्दाम लावलेत वाटतं."

कमलिनीबाई जवळ आल्या.  "मुद्दाम? भर वाटेत? पोराचं विमान इथूनच पळणार ना? चाकाखाली दगड आला म्हणजे? काढा आधी ते!"

मित्रांनो, मला तोंड असते तर मी ओरडले असते. दोघांनी भरताच्या उलथन्याने माती उकरून एकेक दगड उपटला. तीन दगडांची चूल मांडून कोळसा पेटवला. वारा चटई उडवत होता, म्हणून उरलेले दगड तिच्या कडांवर ठेवले. मधुरा गाडीतून सामान काढत होती, तिचे लक्ष नव्हते. "आता कशी वाट मोकळी झाली," असे म्हणत कमलिनीबाईंनी माझ्यावरून हात फिरवला. त्या हातात इतकी माया होती की मला त्यांच्यावर रागावताही येईना.

थोड्याच वेळात विमानाचा आवाज आला. चौघे उठून उभे राहिले. विमान खाली आले, आणखी खाली आले, माझ्या डोक्यावरून सरळ गेले आणि पुन्हा वर चढले.

"दिसला! दिसला मला!" कमलिनीबाई दोन्ही हात हलवत होत्या. "पण उतरला का नाही गं?"

"आजी, ही इज जस्ट चेकिंग," उर्वी म्हणाली. "कॅमल्स बघतात, अँड द व्हाइट लाइन. बाबांनी सांगितलंय."

"कसली लाइन?"

मधुराच्या हातातला डबा तसाच राहिला. रात्री जेवताना कौशिक त्या ओळीबद्दल बोलायचा आणि ती हूं हूं करत ताटे उचलायची. आता तिने माझ्याकडे पाहिले, मग चटईकडे, मग चुलीकडे. "आई, ते दगड! ते त्याच्यासाठीच होते. त्यांच्या अलीकडे चिखल आहे!"

पुढचे मला नीट सांगताही येत नाही. मधुरा आणि वसंतराव चटईवरचे दगड उचलून धावले. उर्वी रडत रडत खड्डे दाखवत होती. कमलिनीबाईंनी पातेले लाथेने लोटले आणि पदर हाताला गुंडाळून चुलीचा तापलेला दगड उचलला. पदरातून चटका बसला, तरी त्यांनी तो सोडला नाही. वर विमान घिरट्या घालत होते. मला फक्त एवढेच कळत होते की ते आता उतरले तर माझ्याच अंगावर उलटणार आहे.

ते उतरले नाही. त्याने एक मोठे वळण घेतले आणि तोंड शहराकडे केले. आवाज बारीक होत गेला. खाली ओळ पूर्ण झाली होती, पण ती पाहायला वर कुणी नव्हते.

"परत येईल ना गं?" कमलिनीबाईंनी विचारले.

"नाही येणार, आई," मधुरा म्हणाली. "त्याला तसंच शिकवलंय."

बऱ्याच वेळाने फोन वाजला. मधुराने तो स्पीकरवर टाकला. "ओळच दिसली नाही गं," कौशिक सांगत होता. आवाज अगदी पडलेला होता. "मला वाटत होतं उतरावं. इलियासने निर्णय माझ्यावरच सोडला. मग मीच म्हटलं, खलास, मागे फिरू. कुणी नेले दगड, देव जाणे."

कमलिनीबाईंनी मधुराच्या हातातून फोन घेतला. "मी उचलले रे बाळा. तुझ्या चाकाखाली येतील म्हणून."

 मग कौशिकने विचारले, "भरीत झालं का?"

तेव्हा त्या माझ्या मातीत बसून हमसून हमसून रडल्या. रविवारी ते कुटुंब नाशिकला गेले. कौशिक माझ्यावर कधीच उतरला नाही, आणि आता उतरेल असे मला वाटतही नाही.

इलियासने नंतर येऊन दगड पुन्हा रंगवले. पण परवाच कुणीतरी दोन दगड तंबूच्या दोऱ्या दाबायला नेले. मी थकले आहे, मित्रांनो. माझी एकच विनवणी आहे. मोकळ्या रानात गेलात आणि कुणी मांडून ठेवलेले दगड दिसले, रोवलेली काठी दिसली, तर ती अडगळ समजून उचलू नका. चांगल्या मनानेसुद्धा उचलू नका. कुणाचा तरी लेक वरून तेच शोधत येत असतो.