दुकानापुढची रेघ

मास्तरांनी उभी हयात नागरिकशास्त्र शिकवण्यात घालवली, आणि खरं सांगायचं तर तो विषय शाळेत कुणाच्या खिजगणतीतही नव्हता. इतिहासाच्या शेपटाला बांधलेले चार धडे. गणिताच्या सरांचा भाग मागे पडला की पहिली गदा यायची ती मास्तरांच्या तासावर. उरलेल्या तासांत मास्तर उत्तरं सांगायचे आणि मुलं उतरवून घ्यायची. कधी रंगात येऊन ते पुस्तकाबाहेरचं बोलू लागले, की मागच्या बाकावरून एक हात वर व्हायचा. "सर, हे परीक्षेला आहे का?" नसायचं. मग मास्तर निमूटपणे पुस्तकाकडे वळायचे. त्यांच्या स्वतःच्या लहानपणी तर नागरिकांची कर्तव्यं छडीच्या धाकाने पाठ करावी लागत. त्या मानाने आपण पोरांचे लाडच करतो, असं त्यांना वाटायचं.

मुलगाही त्यांच्याच वर्गात शिकला. 'सार्वजनिक जागा आणि आपण' या धड्यावर त्याला पैकीच्या पैकी मार्क होते. पुढे त्याने घराखालीच सायकल दुरुस्तीचं दुकान टाकलं. दुकान कसलं, जेमतेम एक खोली. त्यामुळे हवा भरायचा कॉम्प्रेसर, पंक्चर शोधायचं पाण्याचं घमेलं आणि दुरुस्तीला आलेल्या सायकली, सगळा संसार फुटपाथवर. पैकीच्या पैकी मिळवणाऱ्याने फुटपाथही मोकळा ठेवावा, असं थोडंच आहे!

नात मात्र वेगळ्याच मातीची. एका जागी ठरत नाही म्हणून मास्तरांनीच तिचं नाव भिंगरी ठेवलं होतं. तिच्या शाळेत अर्धे मार्क परीक्षेला आणि अर्धे प्रत्यक्ष कामाला. यंदा तिच्या बाईंनी सांगितलं होतं, आपल्या रस्त्यावरची एक अडचण शोधा, ती कोण सोसतं ते विचारा, ती कुणामुळे होते ते बघा आणि त्या माणसाशी जाऊन बोला. ऐकलं नाही तर नगरपालिकेत अर्ज करा. मास्तर आधी हसले. मग त्यांना त्या पोरसवदा बाईंचा चक्क हेवा वाटला. आपल्याला कुणी असं शिकवू दिलं असतं तर? पण आपण तरी कुणाला कधी विचारलं होतं?

काखेत कळसा, गावाला वळसा, असं या पोरीचं झालं नाही. तिला अडचण दाराशीच सापडली. समोर राहणाऱ्या शिवणकामवाल्या मावशी पडल्यापासून वॉकर धरून चालत. रोज सकाळी व्यायामासाठी दवाखान्यात जाताना दुकानापाशी आल्या की सायकलींमधून वॉकर जात नसे. मग त्या कडेवरून खाली रस्त्यावर उतरायच्या, बस आणि ट्रकच्या बाजूने चालायच्या आणि पुढे जाऊन पुन्हा वर चढायच्या. भिंगरीने मावशींच्याच टेपने वॉकरची रुंदी मोजली, वर वीतभर जास्त धरली आणि फुटपाथवर खडूने सरळ रेघ ओढली.

"हे काय गं?" बापाने विचारलं.

"बाबा, सायकली या रेघेच्या आत ठेवायच्या. मावशींना जाता येत नाही."

"आत कुठे ठेवू? डोक्यावर?"

"कॉम्प्रेसर आत भिंतीशी बसतो. मी मापून बघितलंय."

बाप हसला आणि कामाला लागला. सायकली रेघेबाहेरच राहिल्या. ती रोज खडू घेऊन रेघ गिरवत राहिली. शेवटी एकदा जेवताना म्हणाली, "बाबा, तुमच्याशी बोलून झालं. आता अर्ज करते. बाई म्हणाल्यात, आधी घरी सांगायचं."

बापाचा घास हातातच राहिला. "बापाविरुद्ध अर्ज? हे म्हणजे हात दाखवून अवलक्षण! ते लोक येतील आणि गिऱ्हाइकांच्या सायकली उचलून नेतील. अण्णा, विषय तुमचा आहे, तुम्हीच समजवा हिला."

पोरीचं बरोबर आहे हे मास्तरांना स्वच्छ दिसत होतं. 'कॉम्प्रेसर आत घे' एवढे तीन शब्द त्यांच्या जिभेवर होते. पण समोर दिवसभर राबलेला मुलगा, त्याची ग्रीसने काळी पडलेली नखं आणि घरातली शांतता. मास्तर ते तीन शब्द गिळून उठले आणि नातीला गॅलरीत घेऊन गेले.

"अगं, विषय चांगला आहे, पण तुला जड जाईल. त्यापेक्षा शाळेचे नळ घे. पाणी वाया जातं, चित्रं काढ, घोषवाक्य लिही. बाई खूश होतील."

"आमच्या शाळेचे नळ गळत नाहीत, आजोबा."

"गळत नसले तरी लिहिता येतं."

"आणि मावशी?"

"मावशींचं मी बघतो."

"मग काय लिहू?"

"लिहून घे," मास्तर म्हणाले आणि वर्गातल्या त्या जुन्या खड्या आवाजात सांगू लागले. पाणी ही सर्वांची संपत्ती आहे. तिचे जतन करणे हे प्रत्येक नागरिकाचे कर्तव्य आहे. ती खाली मान घालून उतरवत होती. लाज वाटायला हवी होती, पण सांगताना मास्तरांना बरंच वाटत होतं.

सुंठीवाचून खोकला गेला. संध्याकाळी बापाने नेहमीसारखं घमेलं ओतलं आणि रेघ धुऊन गेली. दुसऱ्या दिवशी ती गिरवायला कुणी आलं नाही. नळाच्या तक्त्याला पैकीच्या पैकी मार्क मिळाले. बापाने तो तक्ता कौतुकाने दुकानात लावला. लोका सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय!

मावशींचं मात्र मास्तरांनी काहीच बघितलं नाही. मग एका सकाळी गॅलरीतून ते दिसलंच. मावशी सायकलींपाशी थांबल्या, त्यांनी मागे वळून गाड्या पाहिल्या आणि वॉकर खाली टेकवला. मागून ट्रकवाला खेकसला, "ओ आजी, फुटपाथ कशाला आहे?" त्या कशाबशा पुढे गेल्या, वर चढल्या, दम खाल्ला आणि गॅलरीकडे बघून म्हणाल्या, "नमस्कार, मास्तर." आवाजात तक्रार नव्हती. मास्तरांना नमस्कार परत करवेना.

ते तसेच खाली गेले. "कॉम्प्रेसर आत घे. आत्ता."

मुलगा कुरकुरला, दोन पाने आपटले, पण कॉम्प्रेसर त्याने ओढत आत नेला. तो भिंतीशी बरोबर बसला. सायकली मागे सरकल्या. "एवढंच होतं तर त्याच दिवशी बोलायचं होतंत, अण्णा," तो म्हणाला. "तुमचं मी ऐकलं नसतं का?"

मास्तर खडू शोधून काढून जिना चढले. भिंगरी खिडकीशी वही घेऊन बसली होती. मागेपुढे डोलत उत्तर पाठ करत होती. तिला असं डोलताना त्यांनी कधी पाहिलं नव्हतं.

"चल भिंगरे, खाली जागा झालीय. रेघ मारू. माप तुलाच ठाऊक आहे."

तिने बोट ओळीवर ठेवलं आणि वर पाहिलं. रुसवा नव्हता, टोमणाही नव्हता. ती खरंच विचारत होती.

"आजोबा, हे परीक्षेला आहे का?"

"नाही," मास्तर म्हणाले.

"मग नंतर," ती म्हणाली आणि पुढची ओळ पाठ करू लागली.