दहा जणांचा राष्ट्रीय संघ

त्या रविवारी ती दुकानात शिरली तेव्हा बाबांनी गोलरक्षक आधीच उभा केला होता.

कातड्याचे तुकडे, खिळ्यांचे डबे, डिंकाची बरणी असं सगळं कामाच्या फळीच्या एका टोकाला सारलेलं होतं. मधल्या मोकळ्या जागेत फर्मे होते. फर्मा म्हणजे बूट ज्यावर चढवून ठोकतात तो लाकडी पाय. बाबांकडे असे चाळीसेक फर्मे होते, हाताळून हाताळून काळे आणि गुळगुळीत झालेले. दर रविवारी त्यांतले दहा फळीवर मांडले जात आणि देशाचा फुटबॉल संघ जाहीर होई.

"मागे कोण आज?" पिशवी खुंटीला अडकवत तिने विचारलं.

"पोस्टमन आणि गवंडी. दुसरं कोण असणार?"

"गवंड्याचा गुडघा कधीच गेलाय, बाबा. काठी घेऊन चालतो तो."

"माझ्या संघात नाही चालत काठी घेऊन."

बाबा आयुष्यभर खेळाडूंचे बूट दुरुस्त करत आले होते. माणूस कसा खेळतो हे त्यांना सोल पाहून कळायचं. टाचेची बाहेरची कड झिजली असेल तर गडी मागे वळून धावतो, म्हणजे प्रामाणिक. नुसताच चवडा झिजला असेल तर तो चेंडू येण्याची वाट बघत उभा राहतो. आतली बाजू कोरी असेल तर अंगावर घेणाऱ्यांतला नाही. ज्याचा बूट एकदा तरी आपल्या मांडीवर येऊन गेला, तोच संघात, असा त्यांचा नियम होता. त्यामुळे त्यांच्या राष्ट्रीय संघात पोस्टमन होता, गवंडी होता, एक बसचालक होता, शाळेत भूगोल शिकवणारे दोघे भाऊ होते. देशाकडून यांतला एकही कधी खेळला नव्हता. गल्लीत बाबांना सगळे सिलेक्टर म्हणत. पाटीवरचं नाव कुणाच्या लक्षातही नव्हतं.

खऱ्या राष्ट्रीय संघाचं नाव मात्र दुकानात काढायची सोय नव्हती.

त्याला कारण होतं. ती सोळा वर्षांची असताना बाबा तिला स्पर्धेतला सामना बघायला घेऊन गेले होते. रात्रभराचा प्रवास, दोघांचा डबा, बाबांच्या गळ्यात संघाच्या रंगाचा मफलर. मैदानात उतरलेल्या अकरांपैकी चौघांचे बूट बाबांनी कधी ना कधी शिवले होते, आणि येताना गाडीत ते त्यांचं शेजारच्या प्रत्येक प्रवाशाला सांगून झालं होतं. त्या दिवशी बरोबरी झाली असती तर दोन्ही संघ पुढच्या फेरीत जाणार होते. तासाभराने एक-एक गोल झाला आणि मग खेळ थांबला. म्हणजे शिट्टी वाजली नाही, पण खेळायचं सगळ्यांनीच सोडून दिलं. आपला बचावपटू आपल्याच बचावपटूला पास देई, तो गोलरक्षकाला. समोरचा संघ लांब उभा राहून बघत राही. मग चेंडू त्यांच्याकडे जाई आणि तेही तेच करत. पंचवीस मिनिटं असं चाललं. लोकांनी आधी शिट्ट्या मारल्या, मग शिव्या दिल्या, मग उठून गेले. बाबा शेवटपर्यंत बसून राहिले. परतीच्या वाटेवर एवढंच म्हणाले, "ठरवून टाकलं परस्पर. आपण इतकी माणसं आलो होतो, आपल्याला विचारावं असंही वाटलं नाही कुणाला."

दुसऱ्या दिवशी दुकानातला संघाचा मोठा फोटो भिंतीवरून उतरला. तिथला चौकोन अजून बाकीच्या भिंतीपेक्षा उजळ दिसतो.

त्यानंतर तीन आठवड्यांनी एक पत्र आलं.

ती तेव्हा मुलींच्या जिल्हा संघात डाव्या बाजूला, आघाडीत खेळायची. तिच्या संघातल्या दोघींना राष्ट्रीय कनिष्ठ शिबिराची पत्रं आली. ती महिनाभर रोज दुपारी दारात उभी राहायची. पोस्टमन लांबूनच मान हलवून पुढे जायचा. महिन्याने तिला कळून चुकलं की आपण तेवढ्या चांगल्या नाही. बूट धुऊन, वाळवून, नाड्या आत कोंबून तिने बाबांच्या हातात दिले. "कुणाला तरी द्या," म्हणाली. बाबांनी घेतले. आठवड्याभरात ते कुणाच्या तरी पायात गेले.

बावीस वर्षांची असताना मेणाचा दोरा शोधताना तिला खालच्या खणात, पॉलिशपेपरच्या गठ्ठ्याखाली ते पाकीट सापडलं. फोडलेलं. वर बाबांचं नाव आणि दुकानाचा पत्ता, आत नाव तिचं, निवड झाल्याचं कळवलेलं, कुठे आणि कधी हजर व्हायचं तेही. पोस्टमनने ते घरी नाही, दुकानात आणून दिलं होतं. तिने पाकीट परत ठेवलं, पण गठ्ठ्याखाली नाही, गठ्ठ्याच्या वर ठेवलं. खण उघडला की पहिलं तेच दिसेल असं. पुढच्या रविवारी पाहिलं तर ते पुन्हा तळाशी गेलेलं होतं.

म्हणजे तिला कळलंय हे बाबांनाही कळलं होतं. आणि दोघंही गप्प राहिली. एक नाही दोन नाही, वीस वर्षं. याच सुमारास बाबांच्या संघात अकराचे दहा झाले. डाव्या बाजूची जागा मोकळी राहू लागली. कुणी विचारलं तर बाबा म्हणत, "लायकीचा कुणी सापडत नाही."

तिने कितीदा ठरवलं होतं की आज बोलायचं. नकाशे काढायच्या कार्यालयात ती दिवसभर रेघा तपासायची. चुकलेली रेघ दिसली की लाल पेन्सिलीने खूण करायची, साहेबाची असली तरी. इथे मात्र पेन्सिल उचलवत नव्हती. या रविवारी तिने घरून निघतानाच पक्कं केलं होतं. बाबा शहात्तरचे झाले होते. आता नाही तर कधी.

बाबांनी वर्तमानपत्र तिच्याकडे सरकवलं. वर्तमानपत्रात अधिकृत संघ जाहीर झाला होता. वाचायचा नाही असं म्हणत बाबा तो दरवेळी वाचत.

"हा बघ. डाव्या बाजूचा. मोसमभर याच्यासारखा कुणी खेळला नाही. याला वगळलंय. आणि कळवलंसुद्धा नाही, बिचाऱ्याने सकाळी पेपरात वाचलं म्हणे." त्यांनी चष्मा काढला. "नाही घ्यायचं तर नका घेऊ. पण माणसाला तोंडावर सांगा की. त्याच्या आयुष्याचा निकाल परस्पर लावणारे तुम्ही कोण?"

तिने त्यांच्याकडे पाहिलं. बाबा मनापासून चिडले होते. गळ्याच्या शिरा ताठ झाल्या होत्या. आपण काय बोललो याची पुसट जाणीवही तोंडावर नव्हती. कदाचित होती, आणि म्हणूनच ते इतके चिडले होते. तिला ते कधीच ठरवता आलं नाही.

"बाबा," ती म्हणाली.

"हं?"

"तुम्ही हे जे म्हणालात ना आत्ता..."

"सिलेक्टरसाहेब, झाला का संघ?" शेजारचा चावीवाला चहाचे तीन पेले घेऊन दारात उभा होता. "सरासरी वय किती धरायचं या खेपेला? सत्तर?"

"अनुभवी संघ आहे," बाबा म्हणाले.

"अनुभवी कसला? तिघं तर वर गेलेत तुमचे."

"तेच बरं. आता कुणाशी संगनमत करायला जाणार नाहीत."

चावीवाला इतका हसला की त्याच्या पेल्यातला चहा मधल्या फळीवर सांडला. बाबांनी बसचालकाचा फर्मा घाईघाईने उचलून धोतराच्या फडक्याने पुसला. तीही हसली. ते तिला पुढे फार दिवस टोचत राहिलं.

निघताना बाबा म्हणाले, "तू मघाशी काहीतरी म्हणत होतीस."

"काही नाही. पुढच्या रविवारी बोलू."

"बोलू," बाबा म्हणाले, आणि तिच्याकडे न बघता फर्म्यांची रांग सरळ करत राहिले.

मंगळवारी सकाळी अकराच्या सुमारास शेजारची हातोडी थांबल्याचं चावीवाल्याच्या लक्षात आलं. त्याला वाटलं, जेवायला गेले असतील. मग आठवलं, सिलेक्टर बारा वाजल्याशिवाय जेवत नाहीत. तो गेला तेव्हा बाबा स्टुलावरच होते, भिंतीला टेकलेले. मांडीवर कुणाचा तरी बूट होता, आणि त्यात अर्धा ठोकलेला खिळा.

बारा दिवसांनी घर रिकामं झालं. आत्या तेवढी राहिली. भांडी आवरून झाल्यावर आत्याने हात पुसले, पुन्हा पुसले.

"तुला एक सांगायचं होतं. त्याने कधी सांगितलं नसेल."

"पत्राचं?"

आत्या मटकन बसली. "म्हणजे तुला..."

"वीस वर्षं झाली."

"माझ्याकडे घेऊन आला होता ते. मी म्हटलं, पाठव. आई नाही पोरीला, तेवढं एक तरी असू दे. तर म्हणतो कसा, त्या लोकांच्या ताब्यात नाही द्यायची. माझं अर्धं आयुष्य घेतलं आणि तोंडावर फेकलं, हिचं नाही घेऊ देणार." आत्याने पदर डोळ्यांना लावला. "तुझ्या भल्यासाठीच गं."

"भलं मला विचारून करता आलं असतं."

"बापाचा जीव असतो."

"मी सोळा वर्षांची होते, आत्या. चार वर्षांची नव्हते."

"आता गेला तो. आता कशाला मनात ठेवतेस?"

आत्याचं बोलणं तिला कळलं होतं, अगदी नीट कळलं होतं. बाबांना फसवलं गेलं होतं आणि त्यांनी त्याचा हिशेब चुकता केला होता, फक्त चुकीच्या माणसाकडून. एवढ्या साध्या गोष्टीपायी त्यांनी तिला सहा वर्षं एक खोटं खरं मानायला लावलं. आपण कमी पडलो. ती प्रत्येक परीक्षेत, प्रत्येक मुलाखतीत, एका लग्नाच्या बोलणीतसुद्धा, आधी दोन पावलं मागे सरून उभी राहिली होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिने दुकानाचं कुलूप उघडलं.

संघ फळीवर तसाच उभा होता. दहा फर्मे. कुणी हात लावला नव्हता. बसचालकावर चहाचा डाग राहिलाच होता. शेजारी चावीवाल्याच्या रेडिओवर सामना चालला होता, अधिकृत संघाचा. समालोचक घाईघाईने बोलत होता आणि चावी घासायचं यंत्र मधूनमधून त्याचा आवाज खात होतं.

तिने खालचा खण काढला. पाकीट तळाशी होतं. मग ती एकेक कपाट बघत गेली. आपण काय शोधतोय हे तिने स्वतःशीही कबूल केलं नाही. आपल्या मापाचा एखादा लहान फर्मा. त्या बुटांची एखादी जुनी नाडी. नावाची एखादी चिठ्ठी, पाकिटाला जोडलेली. काहीही. दोन तासांनी हात काळे झाले आणि एवढंच कळलं की बाबांनी काहीच ठेवलं नव्हतं. लहान मापाचे फर्मे त्यांच्याकडे नव्हतेच. बूट तर तिने स्वतःच दिले होते.

तिने मांडणीवरून हाताला लागला तो फर्मा उचलला. नऊ नंबरचा, कुणा धिप्पाड माणसाच्या मापाचा. तो फळीवर डाव्या बाजूला, आघाडीत ठेवला. जरा मागे सरून पाहिलं. मग पुढे होऊन तो अर्धी वीत आणखी पुढे सरकवला, कारण ती तिथे खेळायची, रेघेला लागून.

चावीवाला दारात येऊन उभा राहिला होता.

"ताई, हा अकरावा कोण?"

"मी."

तो काही विचारणार होता. तिच्या तोंडाकडे पाहून परत गेला. रेडिओही बंद झाला.

तिने पाकिटातून पत्र काढलं, उलगडलं आणि फळीवर त्या फर्म्याखाली दाबून ठेवलं. स्टूल रिकामं होतं, बसून बसून मधोमध खोलगट झालेलं. तिने त्याच्याकडे तोंड केलं. आवाज रोजचाच होता, रविवारी पिशवी अडकवताना असायचा तसा.

"बाबा, मी चांगली खेळत होते. तुम्हाला ते ठाऊक होतं आणि मला नव्हतं. मी बूट तुमच्या हातात दिले, तेव्हा तरी सांगायला हवं होतं तुम्ही. मला खेळायचं होतं."