चालक, मालक आणि दुसरा गिअर

सकाळी सहापासून छोटीचं काही म्हणता काही धड होत नव्हतं. छोटी म्हणजे लहान मुलगी नव्हे बरं का. वय एक्कावन्न, काम लिफ्ट दुरुस्तीचं, आणि हाताला ग्रीसचा वास असा मुरलेला की साबणानेही हात टेकले होते. पण घरातलं शेंडेफळ, त्यामुळे नाव छोटी पडलं ते पडलंच. तीस वर्षं ती लोकांना वर पाठवत होती, चांगल्या अर्थाने. आज एकदाच तिला स्वतःला वर जायचं होतं, बाबांच्या जुन्या, हिरव्या, दोन सीटच्या स्पोर्ट्स कारमधून.

शर्यत घाट चढायची होती. पायथ्यापासून माथ्यापर्यंत चार किलोमीटर, अकरा वळणं. गाड्या एकेक करून सोडायच्या आणि कुणाला किती वेळ लागला ते मोजायचं. सकाळी सरावाची एक फेरी, दुपारी खरी. सरावाच्या रांगेत दहाच्या आत गाडी लागली नाही तर दुपारी घरचा रस्ता धरायचा. हा नियम छोटीने इतक्यांदा वाचला होता की झोपेतही म्हणून दाखवला असता.

गाडी बाबांची. सात वर्षांपूर्वी बाबा गेले आणि गाडी कागदोपत्री दादाच्या नावावर झाली, कारण दादा मुलगा. ती वीस वर्षं ताडपत्रीखाली गंजत पडली होती. दादा म्हणाला, "भंगारात देऊन टाकू." छोटी म्हणाली, "हात तर लावून बघ!" आणि सहा वर्षं एकही रविवार न चुकवता तिने ती गाडी नटापासून नटापर्यंत उघडली, घासली, जोडली. दादा अधूनमधून गॅरेजच्या दारात येऊन चहाचा कप हातात धरून "अजून झाली नाही का गं?" विचारून जायचा. तेवढीच त्याची मदत. शर्यतीचा अर्ज मात्र त्याने भरला. मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालेला माणूस, अक्षर मोत्यासारखं, त्यामुळे अर्ज भरावा तर दादानेच. "इथे सही कर," म्हणाला. लिफ्टचा तपासणी अहवाल तीनदा वाचल्याशिवाय सही न करणाऱ्या बाईने तिथे न वाचता सही ठोकली. भाऊ होता ना.

तर सकाळी काय झालं ते ऐका. आधी गाड्या तपासणारा जाडा माणूस बॉनेटमध्ये डोकं घालून म्हणाला, "ॲक्सिलरेटर मागे ओढायला एकच स्प्रिंग आहे. दोन लागतात. ही तुटली तर?"

छोटीच्या डोक्यात तिडीक गेली, आणि ती त्याच्यामुळे नव्हे. "हे तुटलं तर?" हा प्रश्न ती स्वतः तीस वर्षं इमारतीवाल्यांना विचारत आली होती आणि त्यांच्या शिव्या खात आली होती. माणूस बरोबर बोलत होता, म्हणून तर भांडताही येईना. तिने हत्यारांच्या पेटीतून लिफ्टच्या दाराची एक स्प्रिंग काढली, वाकवली, कापली, बसवली. मग त्याला बॅटरीचा पट्टा सैल वाटला. तोही आवळला. मग म्हणे दारावरचा सत्तेचाळीस नंबर वाकडा आहे. "माणूस वेगात असला की सरळ दिसतो," छोटी म्हणाली. तो हसला नाही. तिने नंबर सोलून पुन्हा चिकटवला, तर या खेपेला उलट्या बाजूला वाकडा झाला. तेवढ्यावर त्याने एकदाचा शिक्का मारला.

साडेनऊला ती कागदपत्रांच्या टेबलापाशी पोचली. अंगात एका उंच माणसाकडून उसना आणलेला शर्यतीचा सूट होता, बाह्या दोनदा दुमडलेल्या.

"चालक कुठायत?" टेबलामागच्या कारकुनाने विचारलं.

"समोर उभी आहे."

त्याने कागदाकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं, परत कागदाकडे. "मॅडम, तुम्ही मालक. चालकांना पाठवा."

"मी कुणाची मालक नाही, आणि मला कुणी मालक नाही. त्या भानगडीत पडायचं नाही म्हणून तर लग्न केलं नाही. मी चालक."

कारकुनाने अर्ज फिरवून तिच्यासमोर ठेवला. मोत्यासारखं अक्षर. 'चालक'पुढे दादाचं नाव. 'मालक'पुढे तिचं. खाली तिचीच सही, गोल गोल, बिनडोक.

"एका अक्षराचा तर फरक आहे," कारकून समजुतीने म्हणाला. "होते कधी गडबड."

छोटीलाही तसंच वाटलं. चा आणि मा, घाईत झालं असेल उलटसुलट. पण टेबलापासून वळेपर्यंत तिच्या लक्षात आलं की दादा लिहिण्यात चुकत नाही. दुसऱ्यांच्या घरी आलेल्या पत्रांमधल्या ऱ्हस्वदीर्घाच्या चुका लाल पेनाने सुधारून परत करणारा माणूस तो. तरी म्हटलं, वय झालंय, अठ्ठावन्न. त्याला शोधायला ती निघाली.

दादा सापडला पायथ्याच्या एका गोदामामागे, नळापाशी. अंगात कोराकरकरीत निळा सूट, आणि त्याची चेन पोटावर अडकलेली.

"आलीस? बरं झालं," तो म्हणाला. "छोटे, जरा ही चेन ओढ ना वर."

आणि काय सांगावं, तिने ओढली! अडकलेली वस्तू दिसली की हात आपोआप जातो तिचा. कापड बाजूला सारलं, दात जुळवले, चेन सर्रकन गळ्यापर्यंत नेली. मग तिला कळलं की आपण कशाची चेन लावून दिली.

"दादा, हे काय आहे?"

"सूट."

"ते दिसतंय मला. अर्जावर चालक कोण आहे?"

दादाने नळ बंद केला. तो बंदच होता. "तू चिडणार नसशील तर सांगतो."

"चिडून झालंय माझं. बोल."

"अगं, तुला मालक केलं ना मी! गाडी माझ्या नावावर झाली ते तुला लागलं होतं, मला काय कळत नाही? म्हणून म्हटलं, सगळ्यांसमोर जाहीर होऊ दे की गाडी तुझी. स्वतःच्या हाताने लिहिलं."

छोटीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "मी मागितलं होतं का ते? सहा वर्षांत एक तरी दिवस म्हटलं का, की मला मालक कर? मी एकच गोष्ट मागितली होती, दादा. एकदा वर घेऊन जाऊ दे म्हणून. जे मागितलं नाही ते गळ्यात मारलंस, आणि जे मागितलं ते स्वतःला ठेवलंस. वर उपकार!"

"हळू बोल, लोक बघतायत."

"बघू देत! चेनसुद्धा माझ्याकडून लावून घेतलीस!"

दादाने सुटाची बाही उगाच झटकली. मग म्हणाला, "सतरा वर्षांचा होतो तेव्हा त्या गाडीचा दुसरा गिअर मोडला मी. जोर लावून घातला. त्यानंतर बाबांनी किल्ली हातात दिली नाही. एकदाही नाही, छोटे. एक्केचाळीस वर्षं झाली. ते असताना नाही जमलं. म्हटलं, निदान आता."

हेच दादाचं वाईट. भांडण रंगात आलं की हा खरं बोलतो. छोटीला भडाभडा बोलायचं होतं आणि आता त्याची कीवच आली, आणि कीव आली म्हणून ती आणखीनच भडकली.

"चल," ती म्हणाली. "बस गाडीत. चालवून दाखव."

गोदामाला माल चढवायचा एक सिमेंटचा उतार होता. दादा स्टिअरिंगचं चक्र दोन्ही हातांनी धरून बसला, छोटी शेजारी. पहिला गिअर ठीक गेला. उतार चढताना दादाने दुसरा टाकला. इंजिनने जोर धरला आणि खट्! गिअरचा दांडा आपला आपण बाहेर. इंजिन नुसतंच बोंबललं, गाडी मागे घरंगळली. दादाने पुन्हा टाकला. पुन्हा खट्.

"टिकतच नाही हा!"

"एक्केचाळीस वर्षं टिकत नाहीये. तुझी कृपा. त्याची दातेरी चाकं आता कुठेच मिळत नाहीत, जग पालथं घातलं मी."

"मग तू कशी चालवतेस?"

छोटीने सुटाचा डावा पाय गुडघ्यापर्यंत वर ओढला. गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला रुपयाएवढा काळा घट्टा पडला होता. "दुसरा टाकायचा, गुडघा दांड्याला टेकवायचा, आणि वळण संपेपर्यंत काढायचा नाही. कितीही दुखलं तरी. वर अकरा वळणं आहेत."

दादा त्या घट्ट्याकडे बघत राहिला. मग अगदी बारीक आवाजात म्हणाला, "शिकव की मग."

"वीस मिनिटांत?"

"सरावाची फेरी मी. खरी तू."

"तसं चालत नाही. जो सकाळी तोच दुपारी. नियम आहे, तूच वाचून दाखवला होतास."

तो उतरेना. चक्र धरून तसाच बसला, नवा सूट, गळ्यापर्यंत चेन. छोटीने गाडीचं दार आपटलं आणि तडक टेबल गाठलं.

"चालक बदलायचा आहे. पण आधीचा चालक सही देणार नाही. अडून बसलाय."

"त्याची सही कशाला?" कारकून म्हणाला. "मालकाची पुरे. गाडी कुणी चालवायची ते मालक ठरवतो."

छोटीने एकदम हसण्यासाठी तोंड उघडलं, पण हसू आलं नाही. अर्ज हातात घेतला. या वेळी तीनदा वाचला. मग सही केली, गोल गोल. कारकुनाने दादाच्या नावावर पट्टी ठेवून रेघ मारली आणि वर तिचं नाव लिहिलं. त्या रेघेकडे बघताना तिला जिंकल्यासारखं अजिबात वाटलं नाही.

ती परत आली तेव्हा दादा तिथेच होता.

"उतर."

"मी सही दिलेली नाही."

"मालकाने दिली."

दादाला एक क्षण लागला. मग चेहऱ्यावरून कळलं की प्रकाश पडला. तो उतरला, तिच्यासाठी दार धरून उभा राहिला आणि तिच्याकडे न बघता गर्दीत निघून गेला. दोन शिव्या घातल्या असत्या तरी छोटीला बरं वाटलं असतं. दहाला चार मिनिटं असताना ती सरावाच्या रांगेत घुसली आणि कशीबशी ती फेरी उरकली.

दुपारी तिचा नंबर आला. दादा कुठेच दिसेना. हिरवा दिवा लागला आणि ती सुटली.

पहिली तीन वळणं तिने निव्वळ रागाने घेतली. दादाचा राग, न वाचता केलेल्या सहीचा राग, त्या वाकड्या सत्तेचाळीसचा राग. चौथ्या वळणावर उसन्या सुटाचं गुळगुळीत कापड दांड्यावरून सटकलं आणि खट्! गाडी ऐन वळणात मेल्यासारखी झाली. "अगं ए भवाने!" छोटी ओरडली. गुडघा पुन्हा दाबला, दुसरा पुन्हा टाकला, आणि इतका जोर लावला की डोळ्यांत पाणी आलं. पाचवं. सहावं. डाव्या हाताला दरी होती, तिने बघितलीच नाही. सातव्यापासून गाडी आणि ती एका सुरात लागल्या. इंजिन ओरडत होतं, छोटीही ओरडत होती, आणि काय ओरडत होती ते तिला नंतर आठवलं नाही. अकरावं वळण संपलं, गुडघा सुटला, समोर पांढरी रेघ आली आणि मागे गेली.

माथ्यावर गाडी थांबवून ती गुडघा चोळत बसली. खाली पायथ्याशी आणि वर माथ्यावर एकाच वेळी बोलणारा लाउडस्पीकर खरखरला.

"सत्तेचाळीस नंबर. चार मिनिटं बावीस सेकंद. चालक..." आणि दादाचं नाव. आडनावासकट, खणखणीत.

सकाळी छापलेली यादी होती ती. कारकुनाने रेघ मारली होती ती आपल्या कागदावर, लाउडस्पीकरवाल्याला कोण सांगणार? छोटीने चक्रावर मूठ आपटली. तीस वर्षं लोक लिफ्टमधून वर जाऊन उतरतात, लिफ्ट कुणी चालू केली ते कुणी विचारत नाही, आणि तिचं कधी काही बिघडलं नव्हतं. पण आज बिघडलं. आज फार बिघडलं. तिने डोक्यावरचं हेल्मेट काढून बाजूच्या सीटवर फेकलं.

लाउडस्पीकर पुन्हा खरखरला. काहीतरी आपटल्याचा आवाज आला, कुणीतरी "अहो, अहो, द्या इकडे" म्हणालं.

"हॅलो. हॅलो. एक, दोन, तीन."

हा आवाज तिने हजार वेळा ऐकला होता. एकतीस वर्षं रोज सकाळी शाळेच्या मैदानावर मुलांना सरळ रांगेत उभं करणारा आवाज.

"एक दुरुस्ती आहे," दादा म्हणाला. "सत्तेचाळीस नंबरची गाडी मी चालवलेली नाही. मला ती चालवता येत नाही. गाडी माझ्या बहिणीने चालवली." आणि त्याने तिचं नाव घेतलं. छोटी नव्हे. खरं नाव, पूर्ण, जे त्याच्या तोंडून तिने उभ्या जन्मात ऐकलं नव्हतं. "सहा वर्षं तिनेच दुरुस्त केली. चालक ती आहे. नीट लिहून घ्या."

मग माइकची ओढाताण ऐकू आली.

"मी मालक," दादा म्हणाला, आणि लाउडस्पीकर बंद झाला.

"मालकी घेतलीच परत!" छोटी किंचाळली. "एक दिवस नाही ठेवली माझ्याकडे!" आणि ती हसायला लागली ती थांबेचना, आणि नाक वाहायला लागलं, डोळेही.

झेंडा घेऊन उभा असलेला माणूस धावत आला. "काय झालं ताई? कोण हो हे माइकवर?"

छोटीने दुमडलेली बाही उलगडली, ती हाताच्या पुढे वीतभर लोंबली, आणि तिने नाक पुसलं.

"मालक," ती म्हणाली. "आमच्या गाडीचे मालक आहेत ते."