दोन वाट्या पाणी

टेलरबाईंनी बटाट्याच्या फोडी काट्यावर ठेवल्या, आकडा स्थिर होईपर्यंत श्वास रोखून धरला आणि एक फोड उचलून बाजूला केली. दीडशे ग्रॅम म्हणजे दीडशे. मग हात पुसून त्या लॅपटॉपकडे वळल्या आणि एका बोटाने टाइप करू लागल्या: बटाटा, सोललेला, उकडून पाणी काढलेला.

चाळीस वर्षं लोकांच्या कपड्यांत सुताचाही फरक पडू न देणाऱ्या बाईला हे काही जड नव्हतं. प्रोग्राम लेकीने बसवून दिला होता. पदार्थात काय काय पडतं ते भरलं, की एका ताटात किती मीठ, किती प्रथिनं, किती पोटॅशियम हे तो दाखवायचा. नवऱ्याची मूत्रपिंडं थकली होती आणि पोटॅशियम हाच त्यांचा मुख्य वैरी होता. प्रोग्राम दोन महिने रोज हिरवा रंग दाखवत होता आणि रक्ताचा रिपोर्ट तेवढ्याच नेमाने वाईट येत होता. आता डॉक्टरांनी शेवटचे पंधरा दिवस दिले होते. तेवढ्यात आकडा उतरला नाही, तर डायलिसिस.

लेकीला हे कळलं तेव्हा ती स्पीकरवर लावलेल्या फोनवर म्हणाली, की आई, तुला जमत नसेल तर दवाखान्याचा डबा लावू या. टेलरबाईंच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. जमत नसेल म्हणजे काय? पण रिपोर्ट टेबलावरच पडला होता, त्यामुळे बोलायला तोंड नव्हतं.

तेव्हा खिडकीपाशी एक जुनं घड्याळ उघडून बसलेल्या नवऱ्याने घसा खाकरला. सगळी गल्ली त्यांना घड्याळकाका म्हणायची.

"आईला काही बोलू नकोस. कोपऱ्यावरच्या फळवाल्याकडे रोज दोन केळी खातो मी."

केळ्यात पोटॅशियम किती असतं यावरून लेकीने बापाला चांगलंच फैलावर घेतलं. डब्याचा विषय मागे पडला. टेलरबाई मात्र नवऱ्याशी चकार शब्द बोलल्या नाहीत. आपण इथे चिमूट चिमूट मोजायची आणि यांनी तिकडे केळी सोलायची. दुपारी त्यांनी चपला घातल्या आणि फळवाल्याला दम द्यायला निघाल्या.

फळवाला आधी गोंधळला, मग हसला. घड्याळकाका आठवड्यातून दोनदा येतात, स्टुलावर बसतात, गप्पा मारतात. वर्षभरात त्यांनी द्राक्षाचा एक मणीसुद्धा तोंडात टाकलेला नाही.

"मी आग्रह केला तरी घेत नाहीत, काकू. म्हणतात, बायको मोजून घालते, मध्ये आपली लुडबूड नको."

टेलरबाई घरी आल्या त्या विचारातच. नवरा खोटं बोलला होता, हे एक. पण मग पोटॅशियम येत होतं कुठून? प्रोग्राम चुकतोय म्हणावं, तर लेकीने तो दोनदा तपासून दिला होता. राहता राहिलं त्यांचं स्वतःचं स्वयंपाकघर. नवऱ्याला त्यांनी काहीच विचारलं नाही. आधी चूक सापडली पाहिजे, मग बाकीचं. बिघडलेला कपडा त्या नेहमी शिवण उसवूनच बघत आल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी ठरवलं, की आज सवयीने काही करायचं नाही. नव्या शिकाऊ मुलीसारखं पडद्यावरची एक ओळ वाचायची आणि तेवढंच करायचं. बटाटा, सोललेला, उकडून पाणी काढलेला. झालं. फरसबी, उकडून पाणी काढलेली. झालं. तांदूळ, एक वाटी. झालं.

पाणी, दोन वाट्या.

हात आपसूक गेला तो शेजारच्या पातेल्याकडे. बटाटा आणि फरसबी उकडलेलं, गढूळसं, अजून कोमट असलेलं पाणी त्यात होतं. भाजीचं सगळं सत्त्व पाण्यात उतरतं, ते फेकायचं नसतं, हे त्यांना आईने शिकवलं होतं आणि त्यांनी गल्लीतल्या निम्म्या सुनांना. आहाराच्या कागदावर 'पाणी काढून टाका' एवढंच होतं. त्यांनी ते काढलं होतं. टाकवत मात्र नव्हतं.

त्यांनी तो कागद देणाऱ्या, दवाखान्यातल्या आहारतज्ज्ञ बाईंना फोन लावला आणि एकच विचारलं, की पाणी का काढायचं? पोटॅशियम त्यात उतरतं म्हणून, असं उत्तर आलं. टेलरबाईंनी फोन ठेवला. दोन महिने जे त्या भाजीतून काढत होत्या, तेच भातातून वाढत होत्या.

मग त्या खिडकीपाशी गेल्या.

"न खाल्लेली केळी का खाल्लीत?"

घड्याळकाकांनी डोळ्याचं भिंग काढलं, पण मान वर केली नाही.

"डबा लागला असता. तुझ्या हातचं सुटलं असतं माझं."

"त्यापेक्षा डायलिसिस बरं?"

त्यांनी भिंग पुन्हा डोळ्याला लावलं. टेलरबाईंना भयंकर राग आला आणि त्याच क्षणी रडूही आलं. रडण्यात त्यांनी फार वेळ घालवला नाही. नवऱ्यासमोरच त्यांनी लेकीला फोन केला आणि सांगितलं, की बाबांनी केळं खाल्लेलं नाही, पोटॅशियम मीच घालत होते. कसं, तेही सांगितलं. मग लेकीने हळूच डब्याचं विचारलं.

"अजून अकरा दिवस आहेत. तपासणी होऊ दे, मग बोल."

पातेलं त्यांनी दोन्ही हातांनी उचललं, तोंड फिरवलं आणि सिंकमध्ये रिकामं केलं. मग स्वयंपाकघरात एक स्टूल ठेवलं, नवऱ्याला त्यावर बसवलं आणि लॅपटॉप त्यांच्या मांडीवर दिला.

"मी सांगेन ते लिहायचं नाही. माझा हात काय टाकतो ते बघून लिहायचं."

घड्याळकाकांनी मुकाट्याने तांदूळ लिहिला.

"पाणी, दोन वाट्या," त्या म्हणाल्या. "नळाचं."

घड्याळकाकांनी लिहायला बोट उचललं.

"बघितलंत?"

त्यांनी बघितलं नव्हतं. बायकोच्या शब्दावर आजवर त्यांनी कधी काही तपासलं नव्हतं. ते उठले, चष्मा सावरत ओट्यापाशी आले आणि वाकून वाटीतलं पाणी नीट बघू लागले.