आठशे बारा फोटोंत पुंजाजी

"थांब, थांब, थांब!" नरसिंग खेकसला, पण पाव किलोचं लोखंडी वजन कीबोर्डवरून घरंगळून टेबलाखाली गेलं होतं. डेपोतून निघालेली एस.टी. दुकानासमोर वळली की टेबल हादरायचं, आणि टेबल हादरलं की वजन कंट्रोलच्या बटणावरून सरकायचं. उजवा हात तोवर सवयीनं पुढच्या फोटोवर क्लिक करून मोकळा झाला होता. निवडून निळे केलेले सत्तावीस फोटो क्षणात पुन्हा पांढरे झाले. निळा उरला तो एकच, शेवटचा.

"किस पे चिल्ला रहे, काका?" काउंटरवरून दुकानातला मदतनीस रतनसिंगनं विचारलं.

"वजनावर," नरसिंग म्हणाला आणि वाकून ते शोधू लागला.

हिंगोलीच्या डेपोसमोर हा स्टुडिओ त्यानं पंचवीस वर्षांपूर्वी टाकला होता. सेनगावपासून कळमनुरीपर्यंत कितीतरी घरांत त्यानं काढलेले नवरानवरी भिंतीवर टांगलेले होते. दोन हजार चार साली त्याच्या डाव्या अंगावरून वारं गेलं. पाय सावरला, तोंडही सरळ झालं, पण डावा हात खांद्याला नुसता लोंबत राहिला. कॅमेऱ्याला दोन हात लागतात. तो रतनसिंगकडे गेला आणि नरसिंग कॉम्प्युटरपुढे येऊन बसला.

रोल जाऊन डिजिटल कॅमेरे आले ते त्याच सुमाराला. एकेका लग्नाचे हजार हजार फोटो येऊ लागले. अल्बमचे निवडायचे, हललेले, डोळे मिटलेले काढून टाकायचे. निवडायचं म्हणजे डाव्या हातानं कंट्रोल दाबून धरायचं आणि उजव्या हातानं एकेका फोटोवर क्लिक करत जायचं. कंट्रोल सुटलं की सगळं सुटलं. म्हणून शेजारच्या पुनमचंदच्या धान्याच्या दुकानातून त्यानं वजन मागून आणलं होतं. त्याबद्दल घरी कुणालाच, बायकोलासुद्धा, त्यानं सांगितलं नव्हतं.

दोन हजार सातच्या जूनमध्ये याच वजनानं घात केला.

पुसेगावच्या पुंजाजीच्या मुलीचं, राजनंदिनीचं, लग्न मे महिन्यात झालं होतं. त्या फोटोंच्या फोल्डरवर नरसिंग काम करत होता. कन्यादानाचे, मुलीच्या डोक्यावर हात ठेवलेले, असे पुंजाजीचे चांगले चौदा फोटो त्यानं अल्बमसाठी आधी निवडले. तेवढ्यात पासपोर्ट फोटोची गिऱ्हाइकं आली. त्यांचं उरकून तो परत बसला तेव्हा यादी खाली सरकलेली होती. निवडलेले चौदा वर नजरेआड गेले होते, पण सुटले नव्हते; वजन अजून बटणावरच होतं. आता खराब फोटो काढून टाकू, असं म्हणून त्यानं एकेक धुरकट फोटो टिपायला सुरुवात केली. इतके फोटो काढून टाकायचे का, असं मशीननं विचारलं. आकडा न वाचताच त्यानं हो म्हटलं. डिस्क गच्च भरली होती, म्हणून मागोमाग कचऱ्याची पेटीही रिकामी केली.

चूक ध्यानात आली ती ऑगस्टमध्ये. पुंजाजी छातीत कळ येऊन वारला होता आणि त्याची बायको पंचफुलाबाई भिंतीवर लावायला फोटो मागायला आली होती. नरसिंगनं फोल्डर उघडलं, वर केलं, खाली केलं. चौदातला एकही नव्हता. अल्बम अजून छापायला गेला नव्हता, आणि कॅमेऱ्यातलं कार्ड तर केव्हाच पुढच्या लग्नासाठी पुसलं होतं.

"चार दिसांनी या, माय," तो कसाबसा म्हणाला.

डिस्क घेऊन तो नांदेडला गेला. तिथल्या माणसानं दोन दिवस झटून नकारार्थी मान हलवली. परतल्यावर नरसिंगनं तिची वाट पाहिली नाही. पुसेगावची गाडी धरून तो स्वतःच तिच्या दारात गेला.

पंचफुलाबाई अंगणात कोकराला बाटलीनं दूध पाजत होती. नरसिंग बाजेवर बसला नाही. उभ्यानंच त्यानं सगळं सांगितलं, वजनाचंही. दुकानाबाहेरच्या कुणाला ती गोष्ट त्यानं पहिल्यांदाच सांगितली.

कोकरू बाटली ओढत राहिलं.

"घरात त्यायचा दुसरा फोटू न्हाई," पंचफुलाबाई म्हणाली. "मतदानाच्या कार्डावर हाय. पन त्यात मानूस हाय का खांब, ते बी कळत न्हाई."

"माझी चूक हाय, माय. मी कोनत्या तोंडानं बोलू?"

"तुमी मुद्दाम केलं का?" तिनं बाटली खाली ठेवली. मग एकाएकी तिनं विचारलं, "बाकीचे फोटू हायेत का?"

"हायेत. आठशे बारा."

"मग त्यात बघा की! दिवसभर मांडवात राबून राहिले होते ते. एका जागी बसले न्हाईत. कुनाच्या ना कुनाच्या मागं घावतीलच."

परतीच्या गाडीत नरसिंगला हेच आठवत राहिलं. कॅमेरा हातात होता तोवर त्यानं मागच्या माणसांना 'बाजूला व्हा' म्हणून हटकलं होतं.

दुसऱ्या दिवसापासून दुपारची गिऱ्हाइकं कमी झाली की तो पुंजाजीला शोधू लागला. कुठे पंगतीत वाढणारा हात, कुठे नवरदेवाच्या खांद्याआडून दिसणारा फेटा. सापडला की निवडायचा, पुढे जायचं. आणि एस.टी. वळली की सगळं पांढरं. एकेक फोटो उचलून वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवून पाहिला, तर परत येईपर्यंत यादी पहिल्या फोटोवर जाऊन बसायची आणि आपण कुठवर आलो होतो तेच हरवायचं. कागदावर नंबर लिहायला गेला तर वही धरायला हात नाही, ती सरकायची. दिवाळीपर्यंत तो तीनदा शेवटाजवळ पोचला आणि तीनदा पहिल्यापासून लागला.

दिवाळीला सपना आली. त्याची एकुलती एक मुलगी, नांदेडला इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होती. डबा घेऊन ती दुकानात आली आणि दारातच थबकली.

"बाबा, कीबोर्डवर हे वजन काहून ठेवलं?"

नरसिंगनं वजन उचलून खिशात टाकायला पाहिलं, पण पायजम्याचा खिसा डाव्या बाजूला होता.

तिनं स्टूल ओढलं. "करा तुमी. मी नुसती बघते."

अर्धा तास ती बघत राहिली. वजन दोनदा पडलं. तिसऱ्यांदा ते तिनंच उचलून दिलं, आणि देताना दुसरीकडे बघितलं.

"याच्यात सोय हाय, बाबा. एकदा दाबलं की कंट्रोल दाबलेलंच राहतं. लावून देऊ?"

"रतननं लावली होती. मी बंद केली."

"काहून?"

"दाबलेलं हाय का सुटलेलं हाय, मला कसं कळावं? वजन निदान दिसतं तरी."

सपना हसली नाही. तिनं पिशवीतून वही काढली आणि ते वाक्य लिहून घेतलं.

"तुमाला कसं पाहिजे ते सांगा मग."

"मला काय कळतं त्यातलं?"

"तुमालाच कळतं. सांगा."

नरसिंग विचारात पडला. पूर्वी छपाईला टाकायचे फोटो तो कसे निवडायचा ते त्यानं सांगितलं. निगेटिव्हच्या छोट्या प्रिंटांचा कागद समोर ठेवायचा आणि लाल पेन्सिलीनं टिक करायची. मध्येच चहाला गेलं तरी टिक पुसत नसे.

"तसं. प्रत्येक फोटोवर एक चौकट, त्यात टिक. मी पुसली तरच पुसावी. आन् वर सरकून दिसेनासे झाले, तरी ते निवडलेले हायेत हे मला सांगत राहावं. त्यानंच माझा घात झाला." तो थांबला. "तेवढं असतं तर त्या माउलीचे फोटो गेले नसते."

कोपऱ्यातल्या जुन्या मशीनवर सपनानं दुसरी, फुकट मिळणारी सिस्टिम टाकली. तिच्यातल्या प्रोग्रामचा कोड कुणालाही उघडून बदलता यायचा. फायली दाखवणारा प्रोग्राम तिनं वर्षाच्या प्रोजेक्टला घेतला. नोव्हेंबरच्या शेवटी ती पहिली सीडी घेऊन आली. त्यात माऊस फोटोवर नेल्यावरच चौकट उमटायची. नरसिंग म्हणाला, "लपाछपी खेळायला बसलो का मी?" दुसऱ्या खेपेला चौकट सदा दिसत होती, पण इतकी बारीक की क्लिक शेजारी पडायचं. तिसऱ्या खेपेला ती अंगठ्याच्या नखाएवढी झाली होती, आणि खिडकीच्या तळाशी एक पट्टी आली होती. जे जे निवडलं, त्याची बारकी चित्रं त्या पट्टीत एका रांगेत बसायची, शेजारी आकडा.

नरसिंगनं सहा फोटोंवर टिक केली. वर गेला, खाली गेला. मोकळ्या जागी मुद्दाम क्लिक केलं. पट्टीतली सहा चित्रं जागची हलली नाहीत.

बाहेर एस.टी. वळली. टेबल हादरलं. दोघं स्क्रीनकडे बघत राहिले.

"बराबर," नरसिंग म्हणाला. मग तो रतनसिंगवरच ओरडला, "अरे, पोरीला चहा सांग की!"

तो प्रोग्राम सांभाळणाऱ्या परदेशातल्या मंडळींना सपनानं आपला बदल पाठवून दिला. याची गरज कोणाला आहे, असं तिकडून एकानं विचारलं. तिनं मोठं उत्तर लिहायला घेतलं, मग ते खोडून 'माझ्या वडिलांना' एवढंच लिहिलं आणि खाली हाताचं, वजनाचं आणि चौदा फोटोंचं सांगितलं. तीन महिन्यांनी त्यांनी चौकटी घेतल्या, पट्टी घेतली नाही. नरसिंगला त्याचा राग आला.

"पट्टीच तर खरी हाय! त्यायला म्हनाव, एकदा हिंगोलीला या."

पण ते पुढचं. जानेवारीत त्यानं आठशे बाराच्या आठशे बारा फोटो धीरानं पाहिले. आठ दिवस लागले. पट्टीत त्रेचाळीस पुंजाजी जमले. मग त्यानं पुसेगावला निरोप धाडला.

पंचफुलाबाई राजनंदिनीला घेऊन आली. नरसिंगनं पंचफुलाबाईला आपल्या खुर्चीत बसवलं आणि स्वतः मागं उभा राहिला. एकेक फोटो मोठा होऊ लागला. पाण्याची टाकी ढकलणारा. वऱ्हाडातल्या म्हाताऱ्याला हात धरून बसवणारा. मांडवाच्या खांबाआड फेट्याचं टोक डोळ्याला लावणारा, ते पाहून राजनंदिनीनं तोंडात पदर धरला. कुठल्याच फोटोत तो कॅमेऱ्याकडे बघत नव्हता.

"हे न्हाईत ते," मध्येच पंचफुलाबाई ठामपणे म्हणाली. "हे माझे दीर. यायला कामाला हात लावताना कुनी पाह्यलं? नुसते उभे हायेत, बघा."

राजनंदिनी रडता रडता हसली. नरसिंगनं माऊस पुढे केला. "तुमीच काढा, माय. त्या टिकवर दाबा."

तिनं बोट ताठ करून, कोंबडीला दाणा टाकावा तितक्या अलगद, बटण दाबलं. दीर पट्टीतून गेले. बाकीचे बेचाळीस तिथंच राहिले. ते बघून तिची भीड मोडली, आणि पुढचे सगळे तिनं स्वतःच पाहिले.

शेवटाकडे एक फोटो होता. नवरीची जीप निघालेली, धूळ उडालेली, माणसं परत फिरलेली आणि रस्त्याच्या मधोमध पुंजाजी एकटाच पाठमोरा उभा. हात बाजूला सोडलेले, फेटा सुटून खांद्यावर आलेला.

"हा मोठा करून द्या," पंचफुलाबाई म्हणाली.

"यात तोंड दिसत न्हाई, माय. तो वाढतानाचा घ्या. त्यात अर्धं तरी दिसतं."

"मला ठावं हाय ते तवा कसं झालं असंल." ती पडद्याकडेच बघत होती. "हाच द्या."

तोंड न दिसणारा फोटो नरसिंगनं आजवर कुणाला दिला नव्हता. हा त्यानं स्वतः छापला. पुठ्ठा गुडघ्यानं दाबून धरून उजव्या हातानं कापला. रतनसिंग मदतीला आला तर त्याला मानेनंच नको म्हटलं. काच बसवली, मागं चार खिळे मारले. एक वाकडा बसला, तो उपटून पुन्हा मारला.

पंचफुलाबाईनं काचेवरून पदर फिरवला. फ्रेम छातीशी धरून ती डेपोत गेली, राजनंदिनीला सासरच्या गाडीत बसवून पुसेगावच्या गाडीत खिडकीजवळ बसली आणि पिशवी शेजारच्या जागेवरून उचलून तिनं फ्रेम तिथं उभी ठेवली. कंडक्टर आला तेव्हा नरसिंग दुकानाच्या दारात उभा राहून बघत होता. कंडक्टरनं फ्रेमकडे पाहिलं, पंचफुलाबाईकडे पाहिलं, आणि ती जागा तशीच ठेवून, उभ्या राहिलेल्या एका बाईला मागच्या बाकावर जागा करून दिली.